न फुटणारी गोळी की पोटात उतारा असलेली?

ओपिऑइड (मॉर्फिनसारखं, अफूच्या जातीचं) वेदनाशामक द्यायचंच आहे, पण नशेसाठी गैरवापर होण्याची धास्ती आहे. मग कोणतं रूप निवडावं?

कठीण गोळीत पॉलिएथिलीन ऑक्साइड असतं. ती सहजी कुटली जात नाही, भिजली की चिकट लगदा होतो. अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन हे ओपिऑइड औषध 2010 मध्ये याच रूपात आलं. मात्र एक वाट अडवली की दुसरी फुटते. ओपाना ईआर ही अशीच दुसरी ओपिऑइड गोळी नाकाने ओढणं अवघड झालं, तर लोक टोचून घेऊ लागले. 2017 मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) ती बाजारातून काढायला सांगितली.

दुसऱ्या रूपात कॅप्सूलमधल्या मॉर्फिनच्या कणांच्या गाभ्यात नाल्ट्रेक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम रोखणारा उतारा, कोंडलेला असतो. कण न चावता गिळले तर तो बहुतांशी निष्क्रिय राहतो, चुरडले तर सुटतो आणि नशा मारतो. पण शरीर ओपिऑइडला सरावलेलं असेल तर चुकून चावल्यानेही घाम, उलट्या, तडफड सुरू होते.

गिळायला अडचण नसलेल्याला कठीण गोळी ठीक. घशात अडकण्याची भीती असेल, पण रुग्ण नक्की चावणार नसेल, तर कणांची कॅप्सूल, मिळत असेल तर. जास्त गोळ्या नुसत्या गिळणाऱ्याला मात्र दोन्ही थोपवत नाहीत (आणि गैरवापर बहुतेकदा असाच होतो); तिथे थोड्याच दिवसांचा पुरवठा आणि कुलूपबंद डबा.