'बीच टच' म्हणजे नेमकं किती टच? दिवेआगर-गुहागरकडच्या खोल्यांची वर्णनं

दिवेआगर, गुहागर या बाजूच्या मुक्कामाच्या जाहिरातींत 'बीच टच' इतकं सर्रास लिहिलेलं असतं की त्याचा अर्थ कोणी विचारतच नाही. या गावांत घरं रस्त्याच्या कडेला आणि घरामागे नारळ-सुपारीची लांबट वाडी किनाऱ्याकडे गेलेली. वाडीचं मागचं फाटक सुरूच्या बनात उघडतं, म्हणून जागा 'बीच टच'. खोटं काहीच नाही, फक्त समुद्राला टेकते ती वाडीची हद्द. तुमची खोली रस्त्यालगत, आणि खिडकीतून दिसतं समोरचं किराणा दुकान. मधलं अंतर दोन-तीनशे मीटरही असू शकतं. संध्याकाळनंतर वाडीत दिवा नसेल तर आजी-आजोबांना घेऊन तेवढंही जड जातं.

प्रामाणिकपणाला पाचपैकी अडीच गुण. धडधडीत थाप क्वचितच, पण मोजता न येणारे शब्द उदंड. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र कुठून तरी दिसतो. बऱ्याचदा गच्चीवरून किंवा सामायिक गॅलरीतून. 'पार्शियल' असेल तर कठड्याला रेलून मान वळवायची तयारी ठेवा. आणि अगदी पहिल्या रांगेतली खोली असली, तरी तळमजल्यावरून सुरूची झाडं आडवी येतात, पाणी दिसत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: "पलंगावर बसून समुद्र दिसतो का, आणि खोली कितव्या मजल्यावर?" गंमत म्हणजे घरगुती निवासवाले फोनवर सरळ सांगतात, "नाही हो, वाडीतून चालत जावं लागतं." गोलमाल शब्द असतात ते जाहिरातीत, मालकाच्या तोंडी क्वचितच. फोन कराच.

फोटोंचं प्रकरण वेगळं. मोबाईलच्या 0.5, म्हणजे वाइड लेन्सने कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते. कडेचा गोल दिवा अंड्यासारखा ताणलेला दिसला की समजायचं. अशा वेळी फरशा मोजाव्यात. हल्ली बहुतेक ठिकाणी 2 बाय 2 फुटांची फरशी असते. पलंगामागच्या भिंतीलगत पाच फरशा म्हणजे रुंदी 10 फूट. त्यात 6 फुटी डबल बेड मधोमध टाकला की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. 3 फुटी गादी तिथे मावत नाही, ती पायथ्याशी जाते आणि बाथरूमचं दार अर्धंच उघडतं. 'चार जणांची फॅमिली रूम' बहुतेक वेळा हीच. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे खाट की जमिनीवरची गादी, हेही तेव्हाच विचारून घ्या.

'24 तास गरम पाणी' हे वाक्य गिझरच्या लिटरवर तपासावं. 60 अंशांचं 15 लिटर पाणी गार पाण्यात मिसळून साधारण 35 लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या. पुढच्या दोघांसाठी 2 किलोवॅटच्या गिझरला आणखी वीसेक मिनिटं लागतात. बंब सौर असेल तर ढगाळ दिवशी सकाळी काय सोय, ते विचारा. 'जनरेटर बॅकअप'वर पुष्कळदा दिवे-पंखे चालतात, एसी नाही. आणि पत्र्याखालची किंवा उघड्या स्लॅबखालची वरची खोली मे महिन्यात एसी असूनही रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते.

भाड्यात करासकट किती, एवढं एकच विचारावं. 22 सप्टेंबर 2025पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. 3,000च्या खोलीला 150. कोणी अजून जुने 12 टक्के लावत असेल तर बिल मागा. सुरुवातीला कमी भाडं दाखवून शेवटच्या पानावर आकार चढवणाऱ्या संकेतस्थळांसाठी नोव्हेंबर 2023ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात या प्रकाराला स्पष्ट मनाई आहे.

आगाऊ पैसे पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर चार ओळी लेखी घ्या: मजला, खिडकीतून काय दिसतं, पलंग किती, करासकट भाडं. सोबत वीस सेकंदांचा सलग व्हिडिओ मागा, दारावरच्या नंबरापासून खिडकीपर्यंत. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा, नंतर मजकूर बदलतो. दिलेलं आणि सांगितलेलं जुळलं नाही तर आधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि आपण भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

बॅगा मात्र गाडीतच राहू द्या. आधी खोली बघा, नळ सोडून बघा, मग रजिस्टरवर सही.