डॉट मंडला: शेजारचे रंग घ्यायचे की विरुद्ध?

मन शांत करायला डॉट मंडला, म्हणजे मधल्या ठिपक्याभोवती गोलागोलानं ठिपके देत केलेली नक्षी, करणार असाल तर माझं मत सरळ आहे, शेजारचे रंग घ्या. म्हणजे कलर व्हीलवर (रंगांच्या चक्रावर) लागून असलेले, निळा, मोरपंखी, हिरवा. काळ्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाटीवर) मध्ये निळ्याचा एक मोठा ठिपका द्यायचा, मग प्रत्येक गोलाला त्याच निळ्यात हिरव्याचा एकेक थेंब वाढवत जायचं, रंग निवडायचा विचारच उरत नाही, हात श्वासाबरोबर चालतो, ठिपके द्यायचं टूल रंगात बुडवा, टेकवा, सरळ वर उचला, तिरकं उचललं की ठिपक्याला शेपूट येतं.

विरुद्ध रंगांचं, म्हणजे चक्रावर समोरासमोर असलेल्यांचं, तसं नाही बघा. निळ्याशेजारी केशरी ठेवला की दोन्ही जास्त भडक दिसतात, नजर ठरत नाही. हे शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्ये पुस्तकात मांडलं. तो पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई बघायचा, तिथं काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती आणि कारण निघालं शेजारच्या धाग्याचा रंग! आपल्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांना हे वेगळं सांगायला नको, साडीचा काठ बदलला की अंगाचा रंगपण बदलल्यासारखा वाटतो. त्यामुळं कलर थिअरी शिकायची असेल तर विरुद्ध जोडीच घ्या, डोळा तयार होतो.

फक्त ओले ठिपके एकमेकांत गेले की केशरी-निळ्याचा मातकट रंग होतो, आणि बेळगावच्या पावसाळी हवेत ॲक्रेलिक रंग लवकर वाळतच नाही, म्हणून एक गोल नीट वाळू द्या मगच पुढचा. शेजारच्या रंगांत थोडं मिसळलं तरी खपून जातं.