कासांद्र यांच्या ‘नॉर्मंडी’ पोस्टरची प्रतिकृती: छपाई उत्तम, कापणी चुकलेली

पोस्टर-चित्रकार ए. एम. कासांद्र यांनी १९३५ साली ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजासाठी केलेल्या पोस्टरची प्रतिकृती मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. पुठ्ठ्याच्या नळीतून ती न चुरगळता पोहोचली. कागद जाड आणि बिनचकाकीचा आहे.

या खरेदीचे मोल मूळ चित्रात आहे. जहाजाची लांबी ३१३ मीटर, पण कासांद्र यांनी ती दाखवलीच नाही. पाहणाऱ्याला पाण्याच्या पातळीवर उभे करून त्यांनी काळी नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, थेट त्याच्या समोर आणली आणि सगळी भव्यता उंचीत साठवली. तळाशी उडणारे चिमुकले पक्षी बोटाने झाकून पाहावेत. तेवढ्यानेही जहाज लहान भासू लागते. अमेरिकेने १९२४ साली स्थलांतरितांवर कडक मर्यादा घातल्या, तेव्हा तिसऱ्या वर्गाने जाणाऱ्या या स्थलांतरितांच्या गर्दीवर चालणाऱ्या जहाज कंपन्यांना हौसेने प्रवास करणारे उतारू शोधावे लागले. अशा उतारूला भाड्याचा दर किंवा जेवणाच्या दालनाचे चित्र दाखवण्याऐवजी त्या जहाजावर पाऊल ठेवण्याची ओढच येथे लावली आहे, आणि म्हणूनच मला ही त्या काळातील सर्वांत समर्थ जाहिरात वाटते. खुद्द जहाज उतारूंना घेऊन जेमतेम सव्वाचार वर्षे धावले. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आग लागून ते कलंडले.

छपाईबद्दल तक्रार नाही. आकाशाचा रंग खाली उतरताना कोठेही पट्टे पडलेले नाहीत, आणि अशा स्वस्त छपाईत नेमके तेच बिघडते. चूक कापणीत झाली आहे. मूळ पोस्टर सुमारे १०० बाय ६२ सेंटिमीटरचे आहे. विक्रेत्याने ते ३६ बाय २४ इंचांच्या तयार चौकटीत बसवण्यासाठी उंचीतून कापले. त्यामुळे ल हाव्र, साउथॅम्प्टन आणि न्यूयॉर्क ही बंदरांची ओळ खालच्या काठाला चिकटली आहे. ज्या चित्राचा सारा परिणाम उंचीवर उभा आहे, त्याची उंचीच कमी करणे मला फार खटकले. तयार चौकटीचा मोह सोडून मूळ प्रमाणातील प्रत मागवावी, आणि चौकट गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून मापाने करून घ्यावी. मीही आता तेच करणार आहे.