ओईआयएस: आकड्याची कुंडली काढायला एक नंबर साइट

ज्याला आकड्यांचं वेड आहे त्यानी ओईआयएस (ऑनलाइन एनसायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस, म्हणजे संख्यामालिकांचा ऑनलाइन कोश) वापरलंच पाहिजे, फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि साडेतीन लाखांच्या वर संख्यामालिका आहेत. गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मधे कार्डांवर हा संग्रह चालू केला, १९९६ ला तो नेटवर आला.

वापरायचं कसं तर सर्चमधे ९, ४५, ५५, ९९, २९७ एवढं टाका, लगेच कापरेकर संख्या येतात, म्हणजे ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ परत ४५. आपल्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, त्यांचं नाव जगभरचे गणितवाले इथे वाचतात, मला तर भारी वाटतं राव. हर्षद संख्यापण (ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो त्या) त्यांच्याच, ती मालिका साइटवर ए००५३४९ या क्रमांकावर आहे.

माझा लाडका आकडा ६१७४. कुठलेही चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), ते उतरत्या क्रमाने लावून झालेल्या संख्येतून चढत्या क्रमाने लावलेली वजा करा, उत्तराच्या अंकांवर परत तेच करत रहा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच. अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे हर्षद, शिवाय १८ अधिक १८ चा वर्ग अधिक १८ चा घन केलं तरी ६१७४च!!

दिसायला साइट एकदम साधी, भाषा इंग्रजी आणि मजकूर त्रोटक, त्यामुळे शाळकरी पोरांसोबत मोठ्यांनी बसावं. पाचपैकी पाच स्टार.