सुती क्रेप बँडेज, १५ सेंमी: कापडाला पैकीच्या पैकी, क्लिपांना शून्य

डायबेटीसमुळे गुडघ्याखालून पाय काढलेला पेशंट घरी जातो तेव्हा चिठ्ठीवर ‘क्रेप बँडेज ६ इंची’ एवढंच असतं आणि मेडिकलवाला हाताला लागेल ते देतो. मागून घ्यायचं ते सुती, १५ सेंमी रुंद, ४ मीटरचं. हे ४ मीटर ताणल्यावरचे, त्यामुळे भरदार पायाला एक पुरत नाही. शिवाय एक बांधलेलं असताना दुसरं धुतलेलं हवंच.

कापडाबद्दल तक्रार नाही. सूज उतरेल तसं रोज नव्याने बेताचं बांधता येतं. स्टंपचा, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाचा, तयार मोजा दिसायला सोपा, पण ओल्या टाक्यांवरून ओढून चढवला की जखम खेचली जाते. डायबेटीसमध्ये टाके उशिरा निघतात, तोवर क्रेपच बरं. मात्र रक्तपुरवठा कमी असेल तर दाब द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे सर्जनना विचारूनच.

सोबतच्या दातेरी क्लिपा मात्र पाकिटातूनच कचऱ्यात टाका. संवेदना गेलेल्या कातडीत दात रुततात आणि पेशंटला पत्ताही लागत नाही. त्याऐवजी कागदी टेप, तीही बँडेजवरच, कातडीला नाही.

बांधताना वेढे तिरके, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. ताण स्टंपच्या टोकाला जास्त, वर येताना कमी. गुडघ्याची वाटी उघडी ठेवून शेवट मांडीवर, सैल. आडवे गोल वेढे दिले की वर फास बसतो, टोक सुजतं, स्टंपचा डमरू होतो आणि पुढे कृत्रिम पायाचं सॉकेट (स्टंप आत जातो ती खोबण) बसत नाही. साधारण दर ४ तासांनी सोडून कातडी बघायची. ‘दुखलं तर सांगा’ हे या पेशंटला सांगून उपयोग नाही, कारण त्याला दुखतच नाही. टोक जांभळं, गार, किंवा सुरकुतीचा लाल वळ दिसला तर पुन्हा बांधायचं. थोड्या वेळानेही रंग परतला नाही तर बँडेज सोडून लगेच डॉक्टरांना दाखवायचं. (आणि गुडघ्याखालची ती उशी काढा. गुडघा वाकडाच आखडला तर बँडेज काय करणार?)

धुवायला कोमट पाणी, साधा साबण. पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर लोंबकळत ठेवलं तर ओल्या वजनानेच ताणतं. धुतल्यावर लवचिकपणा बराचसा परत येतो. ओढून सोडल्यावर आखडलं नाही, की नवं आणा.