पोर्ट्रेटसाठी ५० की ८५? जागा आणि चौकटीच्या हिशेबाने

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या झूम लेन्सवर काही काळ काम केल्यानंतर पोर्ट्रेटसाठी वेगळी लेन्स घ्यायची झाली, की निवड बहुधा ५० आणि ८५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या (हा आकडा जितका मोठा, तितका दिसणारा कोन अरुंद) लेन्सपाशी येऊन थांबते. ३५ आणि १३५ ही तिची दोन टोके. मात्र चेहऱ्याची ठेवण बदलते ती लेन्समुळे नव्हे, तर कॅमेरा आणि माणूस यांच्यातील अंतरामुळे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. नाकाचा शेंडा कानापेक्षा १० ते १२ सेंटिमीटर पुढे असतो. त्यामुळे ६० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक कानाच्या मानाने जवळजवळ पाचव्या हिश्शाने मोठे उमटते, तर दीड मीटरवरून हा फरक सात-आठ टक्क्यांवर येतो. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर केवळ डोके आणि खांदे यांनी चौकट भरायची, तर ३५ घेऊन साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत जवळ जावे लागते आणि ८५ ला दीड मीटरवर थांबता येते. ३५ ने चेहरा बिघडतो, या तक्रारीचे कारण एवढेच.

आपल्याकडे पुष्कळांच्या हाती क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा, कॅमेरा असतो, म्हणून पुढचा हिशेब त्याचा. त्यावर ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्सइतका कोन दाखवते, आणि ८५ ची लेन्स जवळपास १३० मिलिमीटरच्या लेन्सइतका. कॅमेरा उभा धरून कमरेपर्यंतचा, म्हणजे सुमारे एक मीटर उंचीचा भाग घ्यायचा असेल, तर ५० ला सव्वादोन मीटर अंतर लागते आणि ८५ ला पावणेचार. साताऱ्याच्या पेठेतील घरात किंवा लहान स्टुडिओत खोली दहा बाय बारा फुटांची असेल आणि मागच्या भिंतीवर सावली पडू नये म्हणून माणसाला मीटरभर पुढे उभे केले, तर ५० जेमतेम बसते. ८५ साठी फोटोग्राफरला दाराबाहेर जावे लागेल. पायापर्यंतचा फोटो मात्र या खोलीत ५० नेही निघत नाही, त्याला चार मीटरांहून अधिक जागा हवी. तेथे ३५ किंवा आपली जुनी १८-५५ च कामाला येते.

मोकळ्या जागी प्रश्न पार्श्वभूमीचा होतो, आणि येथे खरी निवड सुरू होते. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर माणूस उभा आहे आणि देऊळ त्याच्या २० मीटर मागे आहे असे धरू. फुल फ्रेमवर कमरेपर्यंतची तीच चौकट ठेवली, तर ३५ मध्ये मागचा सुमारे २१ मीटर उंचीचा भाग दिसतो, ८५ मध्ये नऊ मीटरांचा आणि १३५ मध्ये जेमतेम सहा मीटरांचा. म्हणून लग्नाआधीच्या फोटोंत जागा ओळखू यायला हवी असेल, तर ३५ किंवा ५० घ्यावी. मागे इतर पर्यटक, वाळत घातलेले कपडे किंवा गाड्या असतील, तर ८५ चा अरुंद कोन त्यांतील बरेचसे चौकटीबाहेर ठेवतो आणि उरलेले धूसर करतो. माझ्या मते पार्श्वभूमी धूसर होण्याला गरजेपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. घाटाच्या पायऱ्या पूर्ण विरघळवून टाकायच्या असतील, तर मेणवलीपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही.

कासच्या पठारावर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुले जमिनीलगत असतात आणि पायवाट सोडून आत जाणे योग्य नाही. माणूस वाटेवर आणि कॅमेरा त्याच वाटेवर लांब, खाली धरलेला, अशा मांडणीत १३५ फुलांचा विरळ पट्टाही दाट दाखवते. एवढ्यासाठी ती विकत घेण्यापेक्षा दोन दिवस भाड्याने आणावी.

चौकट कोठे तोडावी, हे कोणत्याही लेन्सवर सारखेच आहे: गुडघा, मनगट, कोपर या सांध्यांवर कडा येऊ देऊ नये, आणि मांडीच्या मध्यावर किंवा कमरेच्या जरा वर तोडावे. फक्त ३५ वर कडेला गेलेला हात किंवा डोके ताणले जाते, म्हणून माणूस मध्याजवळ ठेवावा.

घरातील आणि समारंभातील काम अधिक असेल, तर क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एफ १.८ (एफचा आकडा लेन्सचे छिद्र किती मोठे उघडते ते सांगतो) घ्यावी, ती ८५ पेक्षा बरीच स्वस्तही पडते. काम मुख्यतः घाटावर आणि शिवारात असेल, किंवा कॅमेरा फुल फ्रेम असेल, तर ८५. पैसे देण्यापूर्वी १८-५५ ला ५० वर स्थिर करून नेहमीच्या जागेत फोटो काढून पाहावेत. तेथेच पाठ भिंतीला टेकत असेल, तर ८५ चा विचार तूर्त बाजूला ठेवावा.