जकात कार्यालयातली जुनी पत्रं: फोल्डर, फिल्म की टिश्यू?

१७८९ साली अमेरिकेत संघराज्याची जकात, म्हणजे बंदरात उतरणाऱ्या मालावरचा कर, सुरू झाली. बॉस्टनमध्ये बेंजामिन लिंकन, १७९० पासून न्यूपोर्टमध्ये विल्यम एलरी असे जकात गोळा करणारे कलेक्टर नेमले गेले आणि त्यांचा ट्रेझरीशी, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याशी, सततचा पत्रव्यवहार सुरू झाला. १८३३ मध्ये वॉशिंग्टनमधली ट्रेझरीची इमारत जळाली, त्यात तिथला बराच पत्रव्यवहार गेला. म्हणून बंदराच्या बाजूला उरलेल्या पत्रांचं मोल फार मोठं आहे. असा गठ्ठा तुमच्या संस्थेकडे असेल, तर तो कसा जपायचा हे ठरवताना आधी शाईकडे बघा.

कागद चिंध्यांपासून केलेला, म्हणजे दणकट. नंतरच्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी टिकाऊ. पण शाई मायफळ (झाडावरची गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद आतून खातात. आधी अक्षरांभोवती तपकिरी कडा उमटते, मग कागद चिरतो, शेवटी अक्षरंच गळून पडतात. दमट हवेत हे वेगानं होतं.

पॉलिएस्टर फिल्मचा मोह सगळ्यांनाच पडतो. पत्र दोन पारदर्शक तावांमध्ये ठेवून कडा बंद करायच्या. ते चिकटत नाही, कडा कापल्या की बाहेर येतं. सतत हाताळल्या जाणाऱ्या पत्राला हे उत्तम. पण आम्ल आतच कोंडतं आणि फिल्मवरची स्थिर वीज सुटू लागलेली शाई ओढून घेते. त्या काळी पाकिटं क्वचितच वापरत, बहुधा पत्राचीच घडी घालून लाखेनं बंद करत. अशी लाख फिल्मखाली दाबली जाते.

आम्लमुक्त, अल्कलीयुक्त कागदाचा फोल्डर आणि पेटी दिसायला साधी, खर्चही कमी. दुबळं पत्र हाताळताना मात्र काळजी हवी. तरीही बहुतेक पत्रांसाठी मी हेच निवडेन. जोडीला हवा थंड ठेवायची आणि आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आत स्थिर राखायची.

जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, फक्त फाटलेल्या जागी. इथे गव्हाच्या खळीची नेहमीची पद्धत धोक्याची ठरते, कारण पाण्याबरोबर शाईतलं लोह कोऱ्या जागेत पसरतं. जिलेटिन लावून वाळवलेला टिश्यू अगदी कमी ओलाव्यानं चिकटतो. तो लावायचं काम कागद-संवर्धकाचंच.

लॅमिनेशन नकोच. विसाव्या शतकात अमेरिकी अभिलेखागारांनी सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म उष्णतेनं आणि दाबानं कागदात बसवली. ती काढायला आज द्रावकं वापरावी लागतात.

स्कॅन सगळ्यांचंच करा, फोल्डरमध्ये ठेवण्याआधी. पैसे कमी असतील, तर शाई तडकलेली पत्रं आधी संवर्धकाकडे पाठवा. फिल्मचा खर्च नंतर, तोही शाई पक्की असलेल्या आणि प्रदर्शनात वारंवार जाणाऱ्या मोजक्या पत्रांपुरताच.